सापसनची वेल: पहिलं वर्ष मुळाला द्या, फुलपाखरांना नंतर

जूनमध्ये वेल लावली. ऑगस्टमध्ये तिच्यावर काळपट अळ्या दिसल्या, गणपती येईपर्यंत पानं संपून नुसती काडी उरली आणि दिवाळीच्या सुमाराला तीही वाळली. कोकणात फुलपाखरांसाठी सापसन लावलेल्या बऱ्याच जणांकडून मी हेच ऐकते. कोणी मातीला दोष देतं, कोणी म्हणतं वेलच नाजूक. सापसन अजिबात नाजूक नाही. चांगलं मुरलेलं मूळ असेल तर उन्हाळ्यात ती जमिनीवरून जवळजवळ नाहीशी होते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. चूक होते ती क्रमात. मूळ पोसायच्या आधीच आपण वेल अळ्यांच्या पुढ्यात ठेवतो.

सापसनला सापसंद, ईश्वरी असंही म्हणतात. शास्त्रीय नाव अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका. कॉमन रोझ, क्रिमसन रोझ आणि सदर्न बर्डविंग या तिन्ही फुलपाखरांच्या अळ्या फक्त याच कुळातल्या वनस्पती खातात. बागेत फुलं कितीही असली तरी ही वेल नसेल तर ही फुलपाखरं येतील, मध पितील आणि निघून जातील. त्यांनी इथे वाढावं असं वाटत असेल तर दोन पावसाळ्यांची तयारी ठेवा.

वेल घरात आणण्याआधी: सापसनमध्ये अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंड कायमचं निकामी होऊ शकतं आणि कर्करोगही होतो. गावाकडे सर्पदंशावर, पोटदुखीवर हिचं मूळ उगाळून देण्याची चाल आहे. ते देऊ नका. साप चावला तर प्रतिसर्पविषासाठी थेट रुग्णालय गाठायचं, वाटेत कुठलंही मूळ नाही. लहान मुलांना वेल दाखवून ठेवा, छाटलेला पाला गुरा-शेळ्यांच्या वैरणीत टाकू नका आणि काम झालं की हात धुवा.

## टप्पा १: वेल नीट ओळखा

नावावर विसंबू नका, पानावर विसंबा. सापसनच्या एकाच वेलीवर पानांचे आकार बदलतात: काही अरुंद आणि लांबट, काही टोकाकडे रुंद होत गेलेली. पण देठापाशी निघणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. पान गुळगुळीत, लव नाही. चुरगळलं की उग्र वास येतो. तोडलं तर चीक येत नाही.

शेवटची खूण महत्त्वाची आहे, कारण उपळसरी म्हणजे अनंतमूळ रानात अशीच गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढलेली दिसते. तिला पांढरा चीक असतो आणि पानाच्या मध्यावर बहुतेकदा पांढरट पट्टा. गुळवेलीशी गोंधळ व्हायचं कारण नाही, तिचं पान बदामी असतं.

फूल लहान, फिकट हिरवट. बुडाशी फुगा, मग बारीक नळी आणि तोंडाशी जांभळट-तपकिरी जीभ. वाळलेलं बोंड एकदा पाहिलं की विसरत नाही: देठाकडून सहा फाकांत उघडतं, देठाच्याही दोऱ्या होतात आणि वेलीवर एक छोटं शिंकाळं टांगल्यासारखं दिसतं.

खबरदारी: नर्सरीत ‘बदकवेल’ म्हणून मोठ्या, चट्ट्यापट्ट्यांच्या जांभळट फुलांची वेल मिळते. ती याच कुळातली, पण दक्षिण अमेरिकेतली. पान गोलसर आणि रुंद. वास सारखाच असल्यामुळे मादी फसून तिच्यावर अंडी घालू शकते. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या तिथल्या फुलपाखराच्या अळ्या या वेलीची पानं खाऊन मरतात हे दिसून आलं आहे. शोभेसाठीसुद्धा ती बागेत आणू नका. आधीच लावली असेल तर मुळासकट काढा.

## टप्पा २: बी किंवा छाट मिळवा

रानातली वेल उपटून आणणं ही सगळ्यात मोठी चूक. सापसनचं मूळ लाकडासारखं आणि खोल असतं; जांभ्या दगडाच्या फटीतून ते पूर्ण निघत नाही. अर्धं तुटलेलं मूळ आपल्याकडे जगत नाही आणि रानातली वेलही जाते, म्हणजे तिथल्या फुलपाखरांच्या तोंडचा घासच आपण काढतो.

बी घ्या. पावसाळ्यानंतर वेलींवर बोंडं धरतात आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून पिकायला लागतात. हिरवं बोंड पिवळट व्हायला लागलं की त्यावर जुन्या मलमलीची किंवा मच्छरदाणीच्या कापडाची छोटी पिशवी सैल बांधा. बोंड उघडलं की चपटं, पंखाचं बी वाऱ्याबरोबर जातं. एका दुपारी शिंकाळं रिकामं झालेलं असतं. एका वेलीची सगळी बोंडं नेऊ नका. दोन-तीन पुरतात, कारण एका बोंडात बरंच बी असतं.

बी सावलीत दोन-तीन दिवस वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेलं बी आपल्या दमट हवेत बुरशी धरतं. त्याच हंगामात पेरा. पुढच्या वर्षासाठी साठवण्यात अर्थ नाही.

छाटानेही वेल होते. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक, ना कोवळं ना जून असं खोड घ्या, दोन-तीन पेरांचं. पण छाट मुळं धरायला वेळ लावतं आणि बरीच छाटं कुजतात. बी मिळत असेल तर मी छाटाच्या मागे लागत नाही.

## टप्पा ३: रोपं तयार करा

एप्रिलमध्ये पेरा. माती अशी: दोन भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग जुनं, वास गेलेलं शेणखत. समुद्राची किंवा खाडीतली वाळू वापरू नका. धुतली तरी तिच्यात मीठ राहतं आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

बी आडवं ठेवून वर नखभर माती. ट्रे गवताने झाका, रोज हलकं पाणी शिंपडा. आणि थांबा. सापसन सावकाश आणि मागेपुढे रुजते. महिना-दीड महिना काही दिसलं नाही म्हणून ट्रे उपडा करणारे मी पाहिले आहेत, आणि त्या मातीत दोन पांढरे मोड निघालेलेही पाहिले आहेत. पहिला पाऊस लागेपर्यंत ट्रे हलवू नका.

दोन खरी पानं आली की रोप पिशवीत घ्या. पिशवी खोल असू दे, मूळ सरळ खाली जातं. आडवी, उथळ कुंडी हिच्या कामाची नाही. पिशवीला बुडाशी आणि बाजूने भोकं पाडा, आणि जून-जुलैत पिशव्या थेट पागोळीखाली राहणार नाहीत असं बघा. इथल्या पावसात बहुतेक रोपं कुजून मरतात, सुकून नाही.

तपासणी: ऑगस्टच्या मध्यावर पिशवीच्या भोकांतून मूळ डोकावतं का? वर आठ-दहा निबर पानं आहेत का? दोन्ही असेल तर रोप लावायला तयार. नसेल तर पुढच्या जूनपर्यंत पिशवीतच ठेवा.

## टप्पा ४: जागा पारखा

सकाळचं ऊन, दुपारी विरळ सावली. नारळी-पोफळीच्या आगराची कड, गडग्याची पूर्वेकडची बाजू, शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या कुंपणाचा बुंधा. पूर्ण काळोख्या सावलीत वेल लांब दोरीसारखी वाढते, पानं मात्र कमी. समुद्रावरचा खारा वारा थेट झोडपतो अशा जागी आधी आडोसा करा.

सगळ्यात जास्त लक्ष पाण्याच्या निचऱ्याकडे द्या. कातळात खणलेला खड्डा म्हणजे पाण्याची वाटी. किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. मूळ त्या वाटीत बसलं की संपलं. आमच्या परसातल्या पहिल्या तीन वेली मी अशाच गमावल्या. वरून पानं पिवळी पडली तेव्हा मी शेणखत घातलं; खणून पाहिलं तर मूळ काळं आणि मऊ झालं होतं, सालपट बोटाला चिकटून आलं.

तपासणी: मे महिन्यात दीड फूट खोल खड्डा घ्या, दोन बादल्या पाणी ओता. तासा-दोन तासांत पाणी उतरलं तर जागा चालेल. संध्याकाळपर्यंत साचून राहिलं तर तिथे खड्ड्यात लावू नका. गडग्यालगत दगड रचून फूट-दीड फूट उंच मातीचा वाफा करा आणि त्यावर लावा. कातळावर राहणाऱ्यांनी सरळ वाफाच करावा असं माझं मत आहे.

आंबा-काजूच्या बागेशेजारची जागा शक्यतो टाळा. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात आणि त्यांचा तुषार कुंपण मानत नाही. सकाळी मतलई वारा समुद्राकडे जातो, दुपारी खारा वारा उलट येतो, त्यामुळे बागेच्या कुठल्याच बाजूला वेल पूर्ण सुरक्षित नसते. दुसरी जागाच नसेल तर फवारणीचा दिवस शेजाऱ्यांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी वेली ताडपत्रीने झाका. माणसं सांगतात, विचारणारं हवं.

## टप्पा ५: लावणी

मृगाच्या पहिल्या पावसात लावू नका, निदान त्याच वर्षीची रोपं तरी नको. जून-जुलैचा मार कोवळ्या रोपाला सोसत नाही. तयार रोपं नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, पाऊस सरींवर आला की लावा. पिशवीत वर्षभर राहिलेली मोठी रोपं मात्र जूनमध्ये चालतात.

एका वेलीवर काही भागत नाही. किमान आठ-दहा वेली लावा, आणि त्या दोन वेगळ्या गटांत: एक गट परसाच्या एका टोकाला, दुसरा दुसऱ्या. का, ते पुढे सातव्या टप्प्यात येईल. दोन वेलींमध्ये दोन-अडीच फूट अंतर.

पिशवी बाजूने कापून काढा, मातीचा गोळा फोडू नका. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर बसवा. बुंध्याशी माती थोडी उंच, म्हणजे पाणी तिथे थांबणार नाही. लगेच आधार द्या: बांबूच्या चिव्याची काठी किंवा शेवऱ्याची फांदी. पाऊस थांबला की बुंध्यापासून चार बोटं सोडून पाल्याचं किंवा नारळाच्या सोडणांचं आच्छादन घाला.

रासायनिक खत नको, फार शेणखतही नको.

## टप्पा ६: पहिलं वर्ष जाळीत

बहुतेक जण हा टप्पा गाळतात, आणि सगळं काम इथेच फुकट जातं.

लावणी झाली त्याच दिवशी वेलीवर जाळी घाला. जुनी मच्छरदाणी उत्तम. चार काठ्या रोवून तिचा मांडव करा, खाली दगड ठेवून कडा बंद करा. जाळी पानांना टेकता कामा नये. टेकली तर मादी जाळीतून अंडी चिकटवते. मादी अंडी एकेकटी घालते, कोवळ्या शेंड्यावर किंवा पानाखाली. अंडं मोहरीएवढं, लालसर आणि गोल, हाताला खरखरीत. दिसलं तर चिरडू नका. ते पान देठासकट खुडून रानातल्या एखाद्या मोठ्या वेलीला टाचणीने अडकवा.

वर्षभर एवढंच करायचं: पावसाळ्यात पाणी तुंबू द्यायचं नाही, ऑक्टोबरच्या उन्हापासून आठवड्यातून दोनदा पाणी, थंडीत एकदा पुरे, मार्चपासून पुन्हा दोनदा. शेंडे एक-दोनदा खुडा म्हणजे फांद्या फुटतील. बुंध्याचं गवत हाताने काढा.

ग्रासकटर वेलीच्या जवळ आणू नका. दसऱ्यानंतर बेणणीला, म्हणजे गवत काढायला, माणसं येतात, त्यांना आधी वेली दाखवा, प्रत्येक बुंध्याशी चुना लावलेला दगड ठेवा. गवतात सापसनची काडी कोणाला वेगळी दिसत नाही.

खबरदारी: एप्रिल-मेमध्ये पानं गळून खोड वाळल्यासारखं दिसेल. वेल मेली असं समजून उपटू नका. बुंध्याजवळ नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवट ओल असेल तर ती जिवंत आहे. खोड वाळलेलं असलं तरी पाऊस लागेपर्यंत वाट बघा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जमिनीतून लालसर कोंब येतात.

## टप्पा ७: जाळी काढणं, तीही अर्धी

दुसऱ्या पावसाळ्यात, वेल डोक्याएवढी चढली आणि बुंधा पेन्सिलीएवढा जाड झाला की एकाच गटाची जाळी काढा. दुसरा गट झाकलेलाच राहू दे.

कारण सरळ आहे. मादी अंडी घालताना मोजमाप करत नाही. पाचेक वेलींवर पंचवीस-तीस अळ्या झाल्या तर शेवटच्या आठवड्यात पानं संपतात आणि मोठ्या अळ्या कोवळं खोडही कुरतडायला लागतात. तेव्हा झाकलेला गट हाच त्यांचा कोठार. अर्ध्या अळ्या हळूच पानासकट उचलून तिकडे ठेवा, जाळी पुन्हा लावा. खाल्लेला गट विश्रांती घेतो, बुंध्यातून नवी पालवी येते आणि पुढच्या फेरीला तो झाकायचा, दुसरा उघडायचा.

पानं कमी पडली म्हणून कढीलिंब, लिंबू किंवा गुळवेल देऊन बघू नका. अळी उपाशी मरेल, पण ते खाणार नाही.

वेलीभोवती घिरट्या घालणारी मादी नेमकी कोणती, हे बघायची एक साधी रीत आहे: अंग बघा. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ यांचं अंग लाल असतं. कॉमन मॉर्मनची मादी पंखांनी हुबेहूब त्यांची नक्कल करते, पण तिचं अंग काळं. ती कढीलिंबावर किंवा लिंबावर अंडी घालते, तिचा सापसनशी काही संबंध नाही. ‘रोझ येते, पण अंडी घालत नाही’ अशी तक्रार अनेकदा या नकलेपायी असते.

मधासाठी दहा-पंधरा फुटांवर उन्हात पेंडगूळ लावा. लाल, साधी, आपल्याकडची. तिच्या लांब नळीच्या फुलांवर ही मोठी फुलपाखरं आवडीने येतात. घाणेरी लावू नका; फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण ती परदेशी आहे आणि पक्ष्यांमार्फत रानभर पसरते. सदर्न बर्डविंगची आशा असेल तर घराजवळ दाट रानाचा आसरा हवा. तो नसेल तर दोन रोझवर समाधान माना, तीही थोडकी गोष्ट नाही.

## टप्पा ८: अळ्या असताना

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, “तुमच्या वेलीवर काळी कीड पडलीय बघा, पावडर मारून देऊ काय?” प्रेमानेच विचारत होत्या. म्हणून पहिलं काम: घरच्यांना आणि शेजाऱ्यांना अळी दाखवा. कॉमन रोझची अळी मखमली काळपट-लाल, अंगभर मांसल लाल काट्यांसारखे उंचवटे, मध्यावर पांढरा पट्टा. क्रिमसन रोझच्या अळीला तो पट्टा नसतो. ते काटे टोचत नाहीत, खाज येत नाही. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि वास सोडते, तेवढंच.

कसलीही फवारणी नको. ‘सेंद्रिय आहे’ म्हणून निंबोळी अर्कही नको. तो अळ्या मारण्यासाठीच बनवलेला असतो. वेलीवर मावा दिसला तर ओल्या बोटाने पुसा.

ओंबील, म्हणजे झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या, लहान अळ्या उचलून नेतात. औषध टाकू नका, पूल तोडा: आंब्याची, काजूची कुठलीही फांदी वेलीच्या मांडवाला टेकत असेल ती छाटा. कोळी, गांधीलमाशी आणि पक्षी थोड्या अळ्या नेतील. ते चालायचंच.

अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. पूर्ण वाढलेली अळी अनेकदा वेल सोडून जाते. एके दिवशी सगळ्या अळ्या नाहीशा झाल्या म्हणून घाबरू नका. आजूबाजूला दोन-तीन मीटरवर शोधा. गडग्याचे दगड, काठीचा वरचा भाग, पेंडगुळीची फांदी, पडवीची भिंत. कोष वाळून मुडपलेल्या पानासारखा तपकिरी-गुलाबट दिसतो, कमरेला एक रेशमी दोरा बांधलेला. आमच्याकडे एक दरवर्षी पाण्याच्या मोटरीच्या पेटीखाली सापडतो.

नेमकी याच दिवसांत गणपतीची साफसफाई येते. भिंतींची जळमटं झाडण्याआधी, गडगा साफ करण्याआधी, चुना लावण्याआधी एक फेरी मारा. कोष सापडला तर शेजारी खडूने खूण करा आणि तेवढी वीतभर जागा सोडा. कोष काळा पडून आतले पंख दिसायला लागले की तो बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुटतो. त्या सकाळी तिथे झाडू नेऊ नका; पंख पसरून वाळायला फुलपाखराला दीड-दोन तास लागतात.